देव निराकार, मग आंघोळ कोणाला?

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या आहेत. पत्र चांगलं चार पानी आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा त्यांच्याच शब्दांत देतो.

"काका, नमस्कार. माझं वय ४४. नोकरी फोर्टला. गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी उपनिषदांच्या ऑनलाइन वर्गाला बसते. ईश झालं, केन झालं, आता कठ चालू आहे. 'नेदं यदिदमुपासते' ऐकलं त्या दिवसापासून मी घरच्या पूजेला मनाने बसूच शकत नाही. हिंदू तत्त्वज्ञान सांगतं की देव निराकार आहे, आणि मी रोज सकाळी ६.४० ला ताम्हनात टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम मांडून त्यांना आंघोळ घालते. नाटक वाटतं. उलट शनिवारी वर्ग संपल्यावर डोळे मिटून बसते तेव्हा आत शांत प्रकाश पसरल्यासारखा वाटतो. तेच खरं वाटतं. पूजा आधी सासूबाई करायच्या. देवघर खाली चौरंगावर आहे, त्यांचे गुडघे गेले आणि पूजा माझ्याकडे आली. त्या म्हणतात, मनात नसलं तरी कर, करता करता मनात येईल. परवा आठवीतली लेक म्हणाली, 'आई, तूच सांगतेस देवाला रूप नाही. मग आंघोळ कोणाला घालतेस?' सासूबाईंनी ते ऐकलं. दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. आता गणपती तोंडावर आलेत, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. पूजा सोडून देऊ, की मनाविरुद्ध करत राहू? दोन्हीत खोटेपणाच वाटतो."

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात तत्त्वज्ञानाचा प्रश्न एकच आहे, बाकीचे घरातले आहेत. ते एकमेकांत असे गुंतलेत की घरातल्या गोष्टींचं खापर बिचाऱ्या उपनिषदांवर फुटतंय. आधी उपनिषदाचं बघू, घराकडे मग वळू.

केनोपनिषदातलं वाक्य तुम्ही बरोबर ऐकलंत. 'तदेव ब्रह्म त्वं विद्धि नेदं यदिदमुपासते.' तेच ब्रह्म हे जाण, लोक 'हे' म्हणून ज्याची उपासना करतात ते नव्हे. लागोपाठ पाच मंत्रांच्या शेवटी हेच वाक्य येतं. पण त्या पाच मंत्रांत नक्की काय काय बाजूला सारलंय, ते एकदा वही काढून बघा. जे वाणीने बोलता येत नाही, मनाने ज्याचा विचार करता येत नाही, जे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, प्राणाच्या आवाक्यात येत नाही, ते ब्रह्म. यात मूर्तीचं नावसुद्धा नाही. मन मात्र आहे. म्हणजे शनिवारी डोळे मिटल्यावर तुम्हाला जो शांत प्रकाश जाणवतो, त्याच्याकडे बोट दाखवूनही ऋषी हेच म्हणणार: नेदम्. पितळेचा बाळकृष्ण निदान आपण पितळेचे आहोत हे लपवत तरी नाही. मनातला प्रकाश आपल्याच मनाने घडवलाय, हे चटकन ध्यानात येत नाही. (हल्ली देवाला 'एनर्जी' म्हणायची टूम निघाली आहे. ती तुमच्या पत्रात नाही, त्याबद्दल आभार.)

तुमच्या प्रकाशाची मी टिंगल करत नाही. बसत जा, चांगलंच आहे. पण शनिवारचा प्रकाश निराकार आणि सकाळचं ताम्हन साकार, म्हणून एक खरं आणि दुसरं खोटं, ही वाटणी तुम्ही केली आहे. उपनिषदाने केलेली नाही.

दुसरं असं, की 'हिंदू तत्त्वज्ञान सांगतं देव निराकार आहे' हे वाक्य इतकं सरसकट करू नका. हे एका घराण्याचं म्हणणं आहे. घराणं मोठं आहे, शंकराचार्यांचं, म्हणजे अद्वैताचं आहे, आणि ब्रह्मसूत्रांतलं (उपनिषदांचा अर्थ सूत्रांत बांधणाऱ्या ग्रंथातलं) 'अरूपवदेव हि', ब्रह्म अरूपच आहे, हे सूत्र त्यांच्या हाताशी आहे. पण तीच ब्रह्मसूत्रं वाचून रामानुजाचार्यांनी निराळं सांगितलं. निर्गुण याचा अर्थ त्यांच्या लेखी दोषरहित, कल्याणगुणांना तिथे तोटा नाही. त्यांच्या परंपरेत तर पूजेतली मूर्ती हा देवाने स्वतः घेतलेला अवतार आहे, अर्चावतार. मध्वाचार्य तिसरंच सांगतात. शेकडो वर्षं ही मंडळी एकमेकांशी कडाकडा भांडली आणि निकाल लागलेला नाही. तुमच्या वर्गात अद्वैत शिकवत असणार. जरूर शिका, फक्त तो वादातला एक पक्ष आहे हे ध्यानात ठेवून शिका.

आणि अद्वैताचाच पक्ष घेतला तरी पूजा सुटत नाही, ही खरी गंमत. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला 'ब्रह्मदृष्टिरुत्कर्षात्' असं सूत्र आहे. लहान वस्तूकडे मोठ्या दृष्टीने पाहावं, मोठ्याला लहान करू नये, असा त्याचा रोख. शाळिग्रामात हरी पाहा, ते चालतं. हरी म्हणजे हा एवढा शाळिग्राम, असं म्हटलंत की चुकलं. शाळिग्रामाचं उदाहरण मी पदरचं घातलेलं नाही. शंकराचार्यांनी ते ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात स्वतः दिलंय, 'शालग्रामे हरिः' म्हणून. निराकाराची बाजू ज्यांनी सगळ्यांत कडकपणे मांडली, त्यांना उदाहरण म्हणून तुमच्या ताम्हनातला काळा गुळगुळीत दगडच सुचला. त्याला नाक आहे का, डोळे आहेत का? देवघरात बारकाईने बघा. टाकावरच्या आकृती घासून घासून पुसट झालेल्या असतील. कुठल्याही पूजेच्या सुरुवातीला आपण पानावर सुपारी ठेवतो, तिला गणपती म्हणतो, आवाहन करतो, गंध-फूल वाहतो, आणि उत्तरपूजा झाली की ती परत सुपारी होते. देवाला रूप असतंच असं मानणाऱ्या लोकांना सुपारीवर भागवता आलं नसतं.

आता लेकीचा प्रश्न. तो ऐकून सासूबाई दुखावल्या आणि तुम्ही ओशाळलात. मला विचाराल तर दोघींनी तिला शाबासकी द्यायला हवी होती. तिने विचारलंय ते थोरामोठ्यांनी विचारून झालंय. शंकराचार्यांच्या नावावर 'परापूजा' म्हणून एक छोटं स्तोत्र आहे. सगळीकडे भरलेल्याला बोलवायचं कुठून, सगळ्यांचा आधार त्याला आसन कसलं द्यायचं, आणि 'निर्मलस्य कुतः स्नानम्', जो मुळातच निर्मळ त्याला आंघोळ कसली? आठवीतल्या मुलीला हे आपलं आपण सुचलं, याचं कौतुक करा.

पण मला याहून जवळचे वाटतात ते नामदेव. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यातलं एक नेमकं आंघोळीवरच आहे. नामदेव म्हणतात, घागर भरून पाणी आणलं, म्हटलं ठाकुराला स्नान घालावं. तर त्या पाण्यात बेचाळीस लाख जीव, आणि त्या जिवांत विठ्ठल आधीच. आता मी काय करू? 'बीठलु भैला काइ करउ.' फुलं आणली, माळ ओवावी म्हटलं, तर भुंग्याने त्यांचा वास आधीच घेतलेला. दूध आणलं, खीर करून नैवेद्य दाखवावा म्हटलं, तर ते वासराने आधीच उष्टं केलेलं. आणि मग ती ओळ: 'ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही.' इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल, विठ्ठलावाचून संसारच नाही.

या पदातली गोम बघा. ज्याला स्नान घालायचं तो पाण्यातच आहे, म्हणून पूजा अडली. देव तिथे नाही म्हणून नव्हे, तो सगळीकडे झाला म्हणून. तुमची पूजा अडली ती उलट्या कारणाने. तुम्हाला वाटतं देव शनिवारी आहे आणि ताम्हनात नाही. जो निराकार ताम्हनापुरता गैरहजर असतो, त्याला एक सीमा पडली की. आणि सीमा पडली म्हणजे आकारच आला.

याच नामदेवांची औंढा नागनाथची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, बाबा रे, मी म्हातारा, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावेत तिथे पिंड. कीर्तनकार ही गोष्ट सांगून नामदेवांना ज्ञान झालं म्हणतात आणि पुढच्या आख्यानाकडे वळतात. मला त्यानंतरचं महत्त्वाचं वाटतं. इतकं कळल्यावर नामदेवांनी विठोबाला सोडलं का? पंजाबात घुमानपर्यंत गेले, तिथल्या बोलीत पदं रचली, आणि त्या पदांतही नाव बीठलाचंच. पंढरपूरची परंपरा सांगते की त्यांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, संतांचे पाय लागावेत म्हणून. देव सगळीकडे आहे हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याने बसायला जागा निवडली ती देवळाच्या दारातली.

तुकोबांनी तर सरळच सांगून टाकलंय, 'अद्वैतीं तों माझें नाहीं समाधान । गोड हे चरण सेवा तुझी.' अद्वैत कळत नाही अशी तक्रार यात नाही. समाधान नाही, एवढंच म्हणणं आहे.

गणपती येताहेत म्हणून आणखी एक. अथर्वशीर्ष तुमच्याकडे म्हणतातच. या वेळी जरा सावकाश म्हणा. 'त्वं गुणत्रयातीतः', तू तिन्ही गुणांच्या पलीकडचा. 'त्वं देहत्रयातीतः', तिन्ही देहांच्या पलीकडचा. 'त्वं कालत्रयातीतः'. आणि थोड्याच वेळात त्याच दमात, 'एकदन्तं चतुर्हस्तं पाशमङ्कुशधारिणम्'. देहापलीकडच्याला चार हात. रचणाऱ्याला विसंगती दिसली नसेल, असं वाटतं तुम्हाला? ज्ञानेश्वरीही अशीच उघडते. पहिल्या ओवीत 'स्वसंवेद्या आत्मरूपा', आत्मा हेच ज्याचं रूप आणि जो स्वतःलाच कळतो त्याला नमन. लगेच दुसरी ओवी, 'देवा तूंचि गणेशु'. आणि मग त्या गणेशाचं जे वर्णन सुरू होतं त्यात सहा दर्शनं म्हणजे त्याचे सहा हात, अकार म्हणजे पाय, उकार म्हणजे पोट, मकार म्हणजे मस्तक. बौद्ध मतसुद्धा माउलींनी बाहेर ठेवलेलं नाही, एका हातात मोडका दात म्हणून त्याला जागा आहे. साकार की निराकार हा वाद त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. 'तुज सगुण म्हणों की निर्गुण रे' असं त्यांनीच विचारलंय, आणि पुढच्याच चरणात 'सगुण निर्गुण एक गोविंदु रे' म्हणून मोकळे झालेत.

दीड दिवसाच्या गणपतीचा विधी तर पाहण्यासारखा आहे. बाजारातून आणलेली मूर्ती मखरात ठेवली तरी प्राणप्रतिष्ठेपर्यंत ती मातीच असते. गुरुजी हात लावून 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु' म्हणतात, मग तो गणपती. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजेत 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणत अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची, आणि ती परत माती. ज्यांना मूर्ती म्हणजेच देव वाटतो, त्यांनी देव जावा म्हणून मंत्र कशाला रचला असता? नाटक म्हणालात ना तुम्ही? आहेच. कधी सुरू होतं आणि कधी संपतं हे मंत्रांनिशी सांगून केलेलं आहे. त्यात फसवणूक कुणाचीच नाही.

आता घर.

पत्र वाचताना मला 'नेदम्'पेक्षा '६.४०' हा आकडा जास्त बोलका वाटला. त्या वेळी तुमच्या घरात डबे भरायचे असतात, लेकीची शाळा असते, डोक्यात लोकल असते. गुडघे सासूबाईंचे गेले आणि पूजा तुमच्याकडे आली, असं तुम्ही लिहिलंत. कुणी विचारलं होतं का तुम्हाला? चार पानी पत्रात तुमच्या यजमानांचा एका ओळीतही उल्लेख नाही. त्यांना ताम्हन उचलता येत नाही का? रोज घाईने, न विचारता अंगावर पडलेलं काम करताना कुणालाही ते पोकळच वाटेल. केनोपनिषद ऐकलं नसतंत तरी वाटलं असतं. त्यातला थकवा किती आणि तत्त्वज्ञान किती, हे तुमचं तुम्हीच प्रामाणिकपणे तपासा. माझा अंदाज विचाराल तर थकवा बराच आहे.

आणि सासूबाईंचे हात धड आहेत ना? अडचण गुडघ्यांची आहे. मग देवघर खाली चौरंगावर का? कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर घ्या आणि समोर हाताची खुर्ची ठेवा. पाणी, फुलं, निरांजन हाताशी द्या. पूजा त्यांना आवडते, तुम्हाला सध्या जड जाते. जिला आवडते तिच्या हातून ती काढून घेऊन जिला नकोशी झालीय तिच्या गळ्यात घातली गेली, आणि मग दोघीही कष्टी. ज्या दिवशी त्यांना जमणार नाही त्या दिवशी यजमानांनी करावी. त्यांनाही जमलं नाही तर दिवा लावून नमस्कार केला तरी चालतं. देव रुसत नाही.

सासूबाईंशी बोलताना उपनिषद मधे आणू नका. त्यांच्या कानी पडलंय ते 'देवाला रूप नाही', आणि त्यांना लागलंय ते बहुधा 'इतकी वर्षं मी केलं ते वाया' असं काहीतरी. तेवढंच दुरुस्त करा. 'आई, तुमची पूजा खोटी आहे असं मला म्हणायचं नव्हतं. माझंच मन लागत नाही. तुम्ही सांगाल का, तुमचं कसं लागतं?' असं विचारा आणि त्या बोलतील ते ऐका, मधे बोलू नका. त्यांचं 'करता करता मनात येईल' हे तुम्हाला बाळबोध वाटलं असेल. गीतेचा बारावा अध्याय उघडा. अर्जुनाने तुमचाच प्रश्न विचारलाय, तुझी उपासना करणारे आणि अव्यक्ताची करणारे, यांतले श्रेष्ठ कोण? कृष्ण म्हणतो, तेही मलाच येऊन मिळतात, पण देह असलेल्यांना ती वाट फार कष्टाची. आणि पुढे म्हणतो, माझ्या ठिकाणी चित्त स्थिर होत नसेल तर अभ्यास कर. तुमच्या सासूबाईंनी हे एका वाक्यात सांगितलं.

हे सगळं ऐकूनही पूजा नकोच वाटली, तर सोडा. तेही आपल्याकडे नवीन नाही. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. डॉ. आत्माराम पांडुरंग, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं होती. भांडारकरांइतकं संस्कृत त्या काळी फार थोड्यांना येत असेल. या लोकांनी मूर्तिपूजा विचारपूर्वक बाजूला ठेवली, समाजाची नाराजी पत्करली, आणि त्यांच्या उपासनेत गाइले जात होते ते तुकारामांचेच अभंग, विटेवरच्या विठोबापुढे उभं राहणाऱ्या तुकारामांचे. सोडायचीच असेल तर तशी सोडा. आपण वरच्या इयत्तेत गेलो आणि सासूबाई खालच्या इयत्तेत राहिल्या, असं एकदा मनात आलं की तुमच्या निराकाराचं सोवळं झालं म्हणून समजा. आणि सोवळ्याचा जाच स्वयंपाकघरात काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

लेकीला व्याख्यान देऊ नका. छांदोग्य उपनिषदात उद्दालकाने आपल्या मुलाला, श्वेतकेतूला जे करायला लावलं, ते तिला करू द्या. रात्री भांड्यातल्या पाण्यात मिठाचा खडा टाकायला सांगा. सकाळी म्हणा, काल टाकलेलं मीठ काढून दे. सापडणार नाही. मग वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळचं चाख. एवढं झालं की गप्प बसा. तिला पुढे काही विचारायचं असेल तर विचारेल, नाही तर शाळेत जाईल. श्वेतकेतू तिच्याहून बराच मोठा होता, बारा वर्षं शिकून आला होता, आणि तरीही बापाला त्याला एक ना दोन, किती तरी दृष्टांत द्यावे लागले.

गणपतीला या वेळी यजमानांना पाटावर बसवा, तुम्ही शेजारी बसून अथर्वशीर्ष म्हणा. सासूबाईंना खुर्चीवरून दूर्वा वाहू द्या. आणि टेबलाचं याच रविवारी बघा. प्लायवूडचं घेणार असाल तर वर सनमायका लावून घ्या, अभिषेकाच्या पाण्याने प्लाय फुगतं.